पाकिटावरचा ‘टीवाय’ आणि ‘एमआय’ : टोमॅटोच्या रोगप्रतिकारामागची प्रथिने, त्यांचे डोमेन आणि त्यांचे मार्ग

टोमॅटोच्या संकरित बियाण्याच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकात ‘टीवाय’, ‘एमआय’, ‘एसडब्ल्यू-५’ अशी अक्षरे असतात. काही ठिकाणी रोगाच्या नावापुढे ‘एचआर’ म्हणजे उच्च प्रतिकार किंवा ‘आयआर’ म्हणजे मध्यम प्रतिकार असे लिहिलेले असते. अशा बियाण्याला तुम्ही जास्त पैसे मोजता. तरीही एखाद्या हंगामात ‘प्रतिकारक’ वाणावर पर्णगुच्छ दिसतो किंवा झाड उपटल्यावर मुळांवर गाठी सापडतात. मग बियाणे बनावट होते का, हा पहिला प्रश्न मनात येतो. कधी ते खरेही असते. मात्र अनेकदा बियाणे चांगले असते आणि प्रतिकाराचा मार्गच अडलेला असतो.

हा मार्ग समजण्यासाठी प्रतिकार देणाऱ्या प्रथिनाची रचना पाहावी लागते. प्रथिनातील ‘डोमेन’ पेशीतील कोणत्या कामाशी जोडलेले आहेत, हे शास्त्रज्ञ ‘जाळे विश्लेषण’ म्हणजेच नेटवर्क अॅनालिसिस या पद्धतीने शोधतात. विषय प्रयोगशाळेचा वाटला तरी त्याचे निष्कर्ष थेट वाणाची निवड, लागवडीचा हंगाम आणि पीक संरक्षणापर्यंत पोहोचतात.

डोमेन म्हणजे काय?

प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते. या साखळीचा काही भाग स्वतंत्रपणे घडी पडून ठराविक आकार घेतो आणि ठराविक काम करतो. अशा भागाला डोमेन म्हणतात. ट्रॅक्टर तोच राहतो, मागे नांगर जोडला की नांगरट होते, रोटाव्हेटर जोडला की ढेकळे फुटतात. प्रथिनाचेही तसेच आहे. कोणते डोमेन कोणत्या क्रमाने जोडलेले आहेत, त्यावरून त्या प्रथिनाच्या कामाचा अंदाज येतो.

टोमॅटोच्या रोगप्रतिकारात पुढील डोमेन महत्त्वाचे आहेत.

- एनबी-एआरसी : हा प्रथिनाचा खटका आहे. एरवी तो बंद असतो. रोगकारकाची चाहूल लागली की चालू होतो.
- एलआरआर : ल्युसिन या अमिनो आम्लाची वारंवार पुनरावृत्ती असलेला भाग. अनेक प्रथिनांत तो रोगकारकाची खूण ओळखण्यात भाग घेतो.
- सीसी : प्रथिनाच्या सुरुवातीचा, दोरीसारखा पीळ असलेला भाग. काही प्रथिनांत पुढची कारवाई सुरू करण्याचे काम याच टोकाकडे असते.
- आरडीआर : आरएनएवरून आरएनएची दुसरी प्रत बनवणारा भाग. विषाणूला गप्प करण्याच्या कामात तो लागतो.

पहिले तीन डोमेन एकाच प्रथिनात एकत्र आढळतात. अशा प्रथिनांना ‘एनएलआर’ म्हणतात. सूत्रकृमींना रोखणारे एमआय आणि टॉस्पो विषाणूला रोखणारे एसडब्ल्यू-५बी ही दोन्ही एनएलआर गटातील प्रथिने आहेत. टीवाय-१ मात्र या गटात बसत नाही. त्यात आरडीआर डोमेन आहे. पाकिटावर ही नावे शेजारी शेजारी छापलेली असली तरी झाडाच्या आत त्यांचे मार्ग वेगळे आहेत.

डोमेनवरून मार्ग कसा शोधतात?

टोमॅटोचा संपूर्ण जनुकीय आराखडा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक देशांनी मिळून केलेल्या या कामात गुणसूत्र क्रमांक ५ ची जबाबदारी भारतीय संस्थांकडे होती. या आराखड्यात सुमारे ३५ हजार जनुके आहेत. त्यातील प्रत्येक जनुकाचे काम एकेक करून तपासायचे तर कित्येक पिढ्या लागतील. म्हणून आधी संगणकावर चाळणी लावतात. तिचे टप्पे साधारण असे असतात.

१. प्रत्येक प्रथिनात कोणते डोमेन आहेत, हे पीफॅम आणि इंटरप्रो यांसारख्या संग्रहांशी ताडून पाहतात.

२. कोणते प्रथिन कोणाला चिकटते, कोणती जनुके एकाच वेळी चालू किंवा बंद होतात, ही माहिती गोळा करतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक ठिपका आणि दोन प्रथिनांतील संबंध म्हणजे एक रेघ, असे मोठे जाळे तयार होते.

३. या जाळ्यात दाट वस्ती कुठे आहे, ते पाहतात. ज्या ठिपक्यांत आपसात भरपूर रेघा आहेत, ते बहुधा एकाच कामात गुंतलेले असतात.

४. अशा प्रत्येक वस्तीत कोणते डोमेन अपेक्षेपेक्षा जास्त आढळतात, ते मोजतात. त्या वस्तीतील काही प्रथिनांचे काम आधीपासून माहीत असेल, तर तो डोमेन त्या मार्गाशी जोडता येतो.

चौथ्या टप्प्यातील गणित सोपे आहे. टोमॅटोत एनबी-एआरसी डोमेन असलेली जनुके साधारण साडेतीनशे आहेत, म्हणजे ढोबळमानाने शंभरात एक. समजा, जाळ्यातील एका वस्तीत ५० प्रथिने आहेत. केवळ योगायोगाने त्यात हा डोमेन किती वेळा सापडेल? फार तर एखाद्या वेळी. प्रत्यक्षात १२ वेळा सापडला, तर तो योगायोग मानता येत नाही. गावातल्या हजार शेतकऱ्यांपैकी दहा जणांकडेच द्राक्षबाग आहे आणि एका गल्लीतल्या वीस घरांत त्यातले आठ जण निघाले, तर त्या गल्लीत पाणी, जमीन किंवा नातेगोते असे काहीतरी समान कारण आहे, असे आपण म्हणतोच.

एका डीपीवर अनेक मोटारी

या पद्धतीच्या विचारातून हाती लागलेले एक मोठे चित्र टोमॅटो, बटाटा, मिरची या कुळातील पिकांचे आहे. २०१७ मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथील सेन्सबरी लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी ते मांडले. त्याआधी साधारण समज असा होता, की एक प्रतिकारक जनुक एका रोगकारकाला ओळखते आणि तेच पुढची कारवाई करते. प्रत्यक्षात या कुळात कामाची वाटणी झालेली आहे. काही एनएलआर प्रथिने फक्त ओळखण्याचे काम करतात, त्यांना ‘पहारेकरी’ म्हणू. काही एनएलआर प्रथिने पहारेकऱ्यांचा निरोप घेऊन प्रत्यक्ष कारवाई करतात, त्यांना ‘मदतनीस’ म्हणू. या मदतनिसांचे नाव एनआरसी. त्यात एनआरसी-२, एनआरसी-३ आणि एनआरसी-४ ही तीन प्रमुख आहेत.

शेतातला दाखला घ्यायचा तर पहारेकरी म्हणजे वेगवेगळ्या विहिरींवरच्या मोटारी आणि मदतनीस म्हणजे डीपी. मोटारी अनेक असल्या तरी डीपी मोजक्याच असतात.

- सूत्रकृमींना ओळखणारे एमआय हे एनआरसी-४ या एकाच डीपीवर चालते. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याविरुद्धचे आरपीआय-बीएलबी२ हे जनुकही त्याच डीपीवर आहे.
- टोमॅटोतील जिवाणूजन्य ठिपक्यांच्या एका रोगाविरुद्ध काम करणारे पीआरएफ हे एनआरसी-२ आणि एनआरसी-३ वर अवलंबून आहे.
- एसडब्ल्यू-५बी आणि बटाट्याच्या एक्स विषाणूविरुद्धचे आरएक्स यांना एकापेक्षा जास्त मदतनिसांचा आधार आहे. त्यामुळे एक बंद पडला तरी काम अडत नाही.

डीपी चालू झाली की पुढे काय होते, तेही आता बरेच उलगडले आहे. एनआरसी प्रथिने एकत्र येऊन पेशीच्या पडद्याजवळ जमतात, पेशीत कॅल्शियम शिरते आणि ती पेशी स्वतःहून मरते. रोगकारक त्या मेलेल्या पेशीतच कोंडला जातो, बाकीचे झाड वाचते.

आता या रचनेतला धोका पाहा. डीपी जळली तर तिच्यावरच्या सगळ्या मोटारी एकदम बंद पडतात. रोगकारकांनाही ही नस सापडली आहे. बटाट्यावरील एका सूत्रकृमीचे आणि उशिरा येणाऱ्या करप्याच्या रोगकारकाचे प्रत्येकी एक प्रथिन एनआरसी-२ आणि एनआरसी-३ ला निष्प्रभ करते, एनआरसी-४ ला मात्र करत नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. म्हणजे एका वाणात तीन प्रतिकारक जनुके असली आणि ती तिन्ही एकाच डीपीवर असली, तर संरक्षण तिप्पट होतेच असे नाही. वेगवेगळ्या मार्गांवरची दोन जनुके त्यापेक्षा भरवशाची ठरू शकतात. वाण तयार करणाऱ्यांसाठी जाळ्याचा हा सर्वांत मोठा धडा आहे.

टीवाय-१ चा मार्ग वेगळा

पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या पर्णगुच्छ विषाणूविरुद्ध टीवाय-१, टीवाय-२ आणि टीवाय-३ ही जनुके जास्त वापरली जातात. ती टोमॅटोच्या जंगली भाऊबंदांकडून आली आहेत. टीवाय-१ आणि टीवाय-३ ही एकाच जनुकाची दोन रूपे आहेत आणि त्यात आरडीआर डोमेन आहे, हे नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले. टीवाय-२ मात्र एनएलआर गटातले आहे.

आरडीआर डोमेन दिसला की मार्ग बदलतो. येथे पेशी मरत नाही. झाड विषाणूच्या आरएनएच्या प्रती बनवून त्याचे बारीक तुकडे करते. हे तुकडे खुणेसारखे वापरून विषाणूच्या डीएनएवर रासायनिक कुलूप लावले जाते आणि विषाणूची वाढ मंदावते. विषाणू झाडात थोड्या प्रमाणात राहतो, पण त्याचा जोर चालत नाही. म्हणून लक्षणे न दाखवणारे टीवाय झाड पूर्णपणे विषाणूमुक्त आहे, असे समजू नका. पांढरी माशी तिथूनही विषाणू उचलू शकते.

मार्ग कळला की तो कुठे अडेल, हेही कळते. काकडी मोझॅक विषाणू म्हणजे सीएमव्ही झाडाच्या याच ‘गप्प करण्याच्या’ मार्गावर हल्ला करतो. टीवाय-१ असलेल्या झाडाला सीएमव्हीची लागण झाली तर पर्णगुच्छाविरुद्धचा प्रतिकार ढासळतो, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. २०२० मधील संशोधनात आणखी एक शत्रू पुढे आला. तो म्हणजे बीटासॅटेलाइट, पर्णगुच्छ विषाणूच्या सोबतीने वाढणारा डीएनएचा छोटा तुकडा. त्याच्या उपस्थितीतही टीवाय-१ चा प्रभाव कमी होतो. भारतातील पर्णगुच्छ विषाणूंसोबत असे बीटासॅटेलाइट अनेकदा आढळतात, त्यामुळे ही बाब आपल्यासाठी दूरची नाही.

सीएमव्ही मावा किडीमार्फत पसरतो. काकडी, भोपळा, मिरची आणि केळी यांवर तो राहतो. जळगाव भागातील केळी बागायतदारांना हा विषाणू चांगलाच परिचयाचा आहे. म्हणजे टोमॅटोतील टीवाय-१ चा खर्च वाचवायचा असेल, तर पांढऱ्या माशीइतकेच लक्ष माव्याकडेही द्यावे लागेल. ‘टीवाय’ या दोन अक्षरांत ही गोष्ट लिहिलेली नसते.

जाळ्यावर किती विश्वास ठेवायचा?

जाळे विश्लेषण दिशा दाखवते. पुरावा प्रयोगातूनच मिळतो. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना सांगताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, एकच डोमेन अनेक मार्गांत असतो. एलआरआर रोगकारक ओळखणाऱ्या प्रथिनांत आहे, तसाच झाडाची उंची ठरवणारे ब्रासिनोस्टेरॉइड संजीवक ओळखणाऱ्या प्रथिनातही आहे. एकट्या एलआरआरवरून ‘हे रोगप्रतिकारक जनुक आहे’ असे म्हणता येत नाही. डोमेनची जोडी आणि जाळ्यातील शेजार दोन्ही पाहावे लागतात.

दुसरी, ज्या प्रथिनांचा अभ्यास जास्त झाला आहे, त्यांच्याभोवती रेघाही जास्त दिसतात. त्यामुळे कमी अभ्यासलेले पण महत्त्वाचे प्रथिन जाळ्याच्या कडेला राहू शकते.

तिसरी, दोन जनुके एकाच वेळी चालू झाली म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. पाऊस आला की बेडूकही ओरडतात आणि छत्र्याही उघडतात. एनआरसीच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी एकेक मदतनीस जनुक बंद करून पाहिले, कोणता पहारेकरी निकामी होतो ते तपासले, तेव्हाच रेघ पक्की झाली.

तुमच्या शेतासाठी याचा अर्थ

- पाकिटावर जनुक आणि रोग दोन्ही वाचा. ‘व्हायरस प्रतिकारक’ एवढेच लिहिले असेल तर कोणता विषाणू, हे विक्रेत्याला किंवा कंपनीच्या प्रतिनिधीला विचारा. सरकारी संस्थांच्या वाणांत जनुकाऐवजी रोगांची नावे दिलेली असतात. उदाहरणार्थ, बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकर पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांसाठी शिफारस केलेला आहे.

- एसडब्ल्यू-५ वर आंधळा भरवसा नको. एसडब्ल्यू-५बी हे प्रथिन अमेरिकी गटातील टॉस्पो विषाणूंची खूण ओळखते. आपल्याकडे फुलकिड्यांमार्फत टोमॅटोवर येणारा भुईमूग शेंडेमर विषाणू आशियाई गटातला आहे. म्हणून माहितीपत्रकात ‘टीएसडब्ल्यूव्ही प्रतिकारक’ लिहिलेले असले तरी फुलकिड्यांचे नियंत्रण ढिले करू नका.

- एमआय वाण आणि उन्हाळा यांचा मेळ तपासा. मातीचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की एमआयचा प्रतिकार कमजोर पडतो. आपल्याकडे उन्हाळी लागवडीत मातीचा वरचा थर सहज यापुढे जातो. सूत्रकृमीग्रस्त शेतात उन्हाळी टोमॅटो एकट्या एमआयच्या भरवशावर लावू नका. निंबोळी पेंड, जैविक बुरशीनाशकांच्या जोडीला पॅसिलोमायसिस, झेंडूचा फेरपालट आणि उन्हाळ्यात खोल नांगरट यांची साथ हवी.

- सूत्रकृमीची जातही महत्त्वाची आहे. एमआय हे टोमॅटोवर नेहमी आढळणाऱ्या गाठी करणाऱ्या जातींना रोखते. भारतात पेरूवर आढळलेली मेलॉइडोगायनी एन्टरोलोबी ही जात त्याला जुमानत नाही. मुळांवर गाठी असलेली पेरूची बाग काढून तिथे एमआय वाण लावायचा विचार असेल, तर आधी माती आणि मुळांचा नमुना सूत्रकृमी तपासणीसाठी द्या.

- टीवाय वाणातही माव्याची वाट अडवा. मावा सीएमव्ही काही क्षणांत झाडात सोडतो. फवारलेले औषध लागू पडण्याआधीच विषाणू पसरलेला असतो. म्हणून नुसत्या फवारणीने सीएमव्ही थांबत नाही. रोपवाटिका ४० ते ५० मेशच्या जाळीत करा. कडेने मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावा. चंदेरी मल्चिंग पेपर वापरा. बांधावरील तणे काढा. विषाणूग्रस्त केळी, काकडी किंवा भोपळ्याच्या प्लॉटला लागून टोमॅटो लावणे टाळा.

- रोगट झाड दिसले की काढून टाका. टीवाय वाणात एखाद-दुसरे झाड पर्णगुच्छाची ठळक लक्षणे दाखवत असेल, तर त्यात मिश्र लागण असू शकते. ते पिशवीत घालून शेताबाहेर काढा आणि नष्ट करा.

- प्रतिकार मोडल्यासारखा वाटला तर नोंद ठेवा. वाणाचे नाव, लॉट क्रमांक, लागवडीची तारीख, पहिले लक्षण कधी दिसले, शेजारी कोणते पीक होते आणि त्या काळात मावा, पांढरी माशी किंवा फुलकिडे किती होते, हे लिहून ठेवा. पाकीट आणि पावती जपा. नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात द्या. तपासणीत एकच विषाणू निघाला की दोन, यावर पुढचा निर्णय ठरतो. विषाणू एकच असेल तर बियाण्याबद्दल विचारणा करण्यास जागा आहे. दोन असतील तर पुढच्या हंगामात कीड नियंत्रण बदलावे लागेल.

कृषी सहायक आणि केंद्रातील तज्ज्ञांना एक विनंती. एका गावात सगळ्यांनी एकाच जनुकावर आधारलेला वाण लावला, तर रोगकारकाला एकच कुलूप उघडायचे असते. शेतकरी गटाच्या बैठकीत वाणांची यादी करताना प्रत्येकापुढे त्याचे प्रतिकारक जनुक लिहा. ते माहीत नसेल तर कंपनीकडून लेखी मागवा. गावात वेगवेगळ्या मार्गांवर चालणारे दोन-तीन वाण राहतील, असे पाहा.

प्रतिकारक वाण ही चांगली सुरुवात आहे. त्याच्यामागे कोणता डोमेन आहे आणि तो कोणत्या मार्गाने काम करतो, हे कळले की तो मार्ग मोकळा ठेवणे तुमच्या हातात येते.